अपरिचित वाद्यवृंदांचा छंद

सन 2025 च्या जानेवारींत नेरूळच्या क्रीडांगणावर ‘कोल्डप्ले’ या विलायती वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले, तेव्हां हजारों श्रोते तिकडे लोटले. आम्हां पनवेलकरांस तर नेरूळ हार्बर मार्गावर हाकेच्याच अंतरावर. परंतु वाचकहो, असाहि एक रसिकवर्ग आहे कीं, त्यास या थाटाचें फारसें कौतुक नाहीं. ज्याचें नांव शेजाऱ्यानें ऐकलेलें नाहीं, असा रॉक, पंक वा मेटल वाजविणारा वृंद हुडकून काढण्यांतच त्याचा आनंद. मुंबईंत 2003 सालीं निघालेल्या अशा एका वृंदाचें नांवच मुळीं ‘भयानक मौत’! तें ऐकून घरचीं वडील माणसें दचकलीं, तर त्यांस दोष कोण देईल?

हा छंद म्हणजे केवळ कर्कश आवाजाची हौस, असा सार्वत्रिक समज आहे. तो कितपत खरा, हें पाहूं. विजेच्या गिटारीचा ध्वनि वर्धकयंत्रांत त्याच्या शक्तीबाहेर चढविला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आणि त्यांतून नवे उपस्वर उत्पन्न होतात. मेटलमधली खरखर ती हीच. अशा वेळीं तीन-चार स्वर एकदम छेडले तर नुसता गोंगाट माजतो. म्हणून हे वादक बहुधा षड्ज व पंचम एवढेच दोन स्वर जोडीनें घेतात. आपल्या तंबोऱ्याची नेहमींची जुळणीहि याच दोन स्वरांची. मग या संगीताचा पाया आपणांस अगदींच परका कसा म्हणावा?

मेटलच्या जड नादाची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. बर्मिंगहॅम येथील टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यांत कामास असतां, यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावरा, तेव्हां तारा दाबण्याचा हात नेमका हाच. त्यानें प्लास्टिक वितळवून बोटांस टोपणें केलीं आणि वादन चालूं ठेविलें. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ वृंदाची पहिली तबकडी 1970 सालीं निघाली. पुढच्याच वर्षीं तिसऱ्या तबकडींतील कित्येक गीतांत त्यानें तारा सैल सोडून सूर खालीं आणला. पंकची तऱ्हा निराळी: थोडे स्वर, भरधाव लय, आणि आटोपतें घेणें. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ वृंदाच्या 1976 च्या पहिल्या तबकडींत गीतें चौदा, पण सारा मामला अर्ध्या तासांत संपतो.

आतां आपल्या इकडे वळूं. 1970 व 1971 सालीं ‘सिमला बीट’ नांवाच्या स्पर्धा झाल्या. त्या एका सिगारेटच्या जाहिरातीसाठीं होत्या, हें सांगणें प्राप्त आहे. परंतु त्यांच्या तबकड्या निघाल्या म्हणूनच त्या काळचे हिंदी वृंद आज ऐकावयास मिळतात. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या वृंदाची ‘ऑब्सेशन 77’ ही तबकडी 1981 सालीं प्रसिद्ध झाली आणि विस्मृतींत गेली. तीस वर्षांनीं, 2011 सालीं, ती अमेरिकेंतील एका कंपनीनें पुन्हां काढली. जुन्या तबकड्या धुंडाळणारे हौशी लोक नसते, तर ती कोणाच्या गांवींहि नसती. मोठ्या वृंदाचें काय, त्यास विसरतो कोण? लहान वृंदाचें आयुष्य मात्र त्याच्या मूठभर श्रोत्यांच्या हातीं असतें.

जागेचीहि अडचण आहेच. 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळावा ज्या उघड्या रंगभवनांत गाजला, तें मुंबईचें रंगभवन एका महाविद्यालयाच्या व रुग्णालयाच्या शेजारीं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनीं अशा संस्थांभोवतीं शंभर मीटर शांतता राखण्याचें बंधन आलें, व तेथील हा आवाज थांबला. रोग्यास झोंप मिळावी, हें आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. पण तसें दुसरें स्वस्त, उघडें रंगमंदिर मिळालें असतें तर बरें झालें असतें.

ज्यांस या वाटेनें चार पावलें जाऊन पाहावयाचें आहे, त्यांनीं मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या वृंदाचा 2017 सालचा ‘दशावतार’ हा गीतसंग्रह ऐकावा. यांत एकेका अवतारावर एकेक गीत आहे. आरंभ अर्थातच मत्स्यापासून.