जुनी मोटार आणि तिला जपणारे हात

जुन्या मोटारीविषयी आपल्या गावात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, "जुने ते सोने, आताच्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा." दुसरे म्हणते, "जुनी गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती." दोन्ही मते अनुभवाची आहेत आणि दोन्ही अर्धी आहेत. गाडी विश्वासू राहते ती कशामुळे, याचा विचार ना पहिला करतो, ना दुसरा. तो आज आपण करू, आणि त्यासाठी सर्वांच्या ओळखीची गाडी घेऊ. ती म्हणजे फियाट, पुढची पद्मिनी.

या गाडीचे आपल्या भागाशी नातेही आहे. शेजारच्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९७०च्या दशकात तिचे नाव प्रथम प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाले. २००१च्या सुमारास ती बनणे थांबले. कामगार चळवळीतल्या माणसाला मात्र प्रीमियर हे नाव रस्त्याआधी कायद्याच्या पुस्तकात भेटते. कारण औद्योगिक कलहाचे कोणते प्रश्न दिवाणी कोर्टात जाऊ शकतात, याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ सालचा प्रसिद्ध निकाल याच कंपनीच्या नावाचा आहे.

आता यंत्राकडे वळू. चार सिलिंडरचे, १०८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन. ते पुढे, आणि ओढ मागच्या चाकांना. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर आणि ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट, हे दोन्ही उघड्या डोळ्यांना दिसणारे आणि हाताने सुधारता येणारे. पॉइंट जळाला की गाडी आधी धक्के देते. जेटमध्ये कचरा अडकला की ती चढावर दम टाकते. रिंगा झिजल्या की निळा धूर सोडते. म्हणजे ही गाडी बिघडत नसे असे मुळीच नाही. पण बिघडण्यापूर्वी ती सांगत असे. तिच्या विश्वासूपणाचे पहिले रहस्य हेच होय.

उन्हाळ्यात तुळजापूरचा घाट चढताना कित्येक फियाटी वाटेत थांबत. इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होई. पंप पेट्रोलऐवजी वाफच ढकलू लागे आणि इंजिन उपाशी राही. उपाय काय? पंपावर ओले फडके टाकावयाचे आणि थोडा वेळ बसावयाचे. वाफ निवून पुन्हा पेट्रोल झाले की गाडी चालू. बिघाड खरा, पण त्याचे औषध प्रवाशाच्या पाण्याच्या तांब्यात होते.

दुसरे रहस्य सुट्या भागांचे. गाडीचा साचा दशकानुदशके फारसा बदलला नाही. त्याचे कारण गौरवाचे नाही. परवान्यांच्या राज्यात स्पर्धा नव्हती, गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत होते. मग कारखानदाराने बदल करावा कशाला? परंतु त्या आळसातून एक गोष्ट आपोआप साधली. एका गाडीचा भाग दुसरीला बसू लागला, आणि एकदा शिकलेला मिस्त्री जन्मभर उपयोगी पडू लागला. देशभरच्या लहान गावांतील गॅरेजे ही त्या गाडीची शाळा झाली. तेथे फळा नव्हता. पाना आणि कान हीच पुस्तके होती.

तिसरी गोष्ट पत्र्याची. ट्रकला खाली वेगळी चासी असते, वरचा पत्रा सडला तरी ट्रक उभा राहतो. फियाटला वेगळी चासी नाही. तिची पत्र्याची कायाच सगळा भार उचलते. इंजिन पुन्हा बोअर करता येते, पिस्टन नवे घालता येतात. पण तळाचा पत्रा गंजून गेला तर गाडीचे हाडच गेले. म्हणून समुद्राच्या खाऱ्या हवेत गाडी आधी खालून मरते. आपल्या बालाघाटच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. मात्र आपले ऊन रबराचे पाइप तडकवते आणि बॅटरीतले पाणी आटवते. जुनी गाडी घेणाराने रंगाकडे पाहू नये. आधी खाली वाकून पत्रा पाहावा, मग इंजिन ऐकावे.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तर या गाडीकडून रात्रंदिवस काम घेतले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांची. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिला थांबविले ते नियमाने. खाजगी पेट्रोल गाडीलाही पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. धुराचा आणि सुरक्षिततेचा विचार करता नियम हवेतच. जुन्या गाडीच्या प्रेमापायी शेजाऱ्याच्या फुप्फुसात धूर भरण्याचा हक्क कोणाला नाही.

यानंतरच्या गाड्यांचे काय? १९९४ साली आलेली मारुती एस्टीम आज जुन्या गाड्यांतच मोडते. ती अधिक वेगवान, पेट्रोलही बेताने पिणारी. परंतु तिच्या इंजिनात साखळीऐवजी रबरी दातेरी पट्टा आहे. तो तुटण्यापूर्वी ओरडत नाही. किलोमीटर मोजून, धडधाकट दिसत असतानाच बदलावा लागतो. पुढे कार्ब्युरेटर गेला आणि इंधन फवारणारी, संगणकाने चालणारी यंत्रणा आली. उन्हात वाफेने अडणे जवळजवळ संपले, धूर कमी झाला, ही खरी प्रगती. पण बिघाड वाचावयास आता कानाऐवजी यंत्र लागते. आणि ते यंत्र व त्याचे ज्ञान ज्याच्या हाती, गाडीची किल्ली खऱ्या अर्थाने त्याच्या हाती. म्हणून नव्या काळाच्या जुन्या गाडीला वही हवी. तेल केव्हा बदलले, पट्टा केव्हा, कूलंट केव्हा, हे तारीख व किलोमीटरसह लिहून ठेवावे. फियाटवाल्याला कान पुरत होता, एस्टीमवाल्याला हिशेब लागतो.

आता मुद्द्याचे बोलतो. गाडी कारखान्यात एकदाच जन्मते. त्यानंतर तीस वर्षे ती जगते ती दुसऱ्याच्या श्रमावर. हा श्रम करणारा मिस्त्री बहुधा पोरवयात गॅरेजात शिरलेला असतो. त्याला प्रमाणपत्र नसते, भविष्यनिर्वाह निधी नसतो, गाडीखाली पाठ धरली तर पगारी रजा नसते. असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा २००८ साली झाला, २०२१ साली ई-श्रम नोंदणी सुरू झाली. पण कार्ड हाती येणे आणि म्हातारपणी भाकरी हाती येणे यांत पुष्कळ अंतर आहे. आपण सुट्या भागाची छापील किंमत मुकाट्याने देतो आणि मजुरीत मात्र घासाघीस करतो. त्याचा परिणाम असा की चांगल्या मिस्त्रीचा मुलगा हा धंदा शिकत नाही. मग पार्ट मिळतो, पण बसविणारा मिळत नाही.

तेव्हा, श्रोतेहो, जुनी गाडी ठेवावी की विकावी, हे विचारण्याआधी पुढील गोष्टी पाहा. पत्रा शाबूत आहे का? भाग मिळतात का? धूर नियमात आहे का? आणि तिला ओळखणारा मिस्त्री गावात आहे का? चारही उत्तरे होय असतील तर गाडी खुशाल ठेवा. मात्र त्या मिस्त्रीची मजुरी वेळेवर आणि पुरी द्या, त्याचे नाव ई-श्रमवर नोंदले आहे का ते विचारा, आणि त्याच्या हाताखालच्या पोराला शाळा आहे का तेही विचारा. गाडीचा विमा आपण दरसाल भरतो. तिला चालती ठेवणाऱ्या माणसाचा विमा कोण भरतो, हा प्रश्न मात्र अजून आपल्यापुढे उभाच आहे.