नदीची वळणे आणि काठची जमीन

रोहा तालुक्यातील धाटाव हे गाव कुंडलिका नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. सह्याद्रीतून निघालेली ही नदी कोलाड, धाटाव व रोहा या भागातून पश्चिमेस वाहत जाऊन रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. भिरा येथील जलविद्युत केंद्र १९२७ साली सुरू झाले. तेथून मुळशी धरणाचे पाणी नदीत येत असल्याने उन्हाळ्यातही तिला प्रवाह असतो. काठाची खरी झीज मात्र पावसाळी पुरातच होते.

सपाटीवर उतार मंदावला की नदी नागमोडी वाहू लागते. वळणावर पाण्याचा लोट बाहेरच्या काठावर आदळतो, खाली बुडी घेतो आणि तळाशी आतल्या काठाकडे वळतो. त्यामुळे बाहेरचा काठ पायथ्याशी पोखरला जाऊन तेथे डोह पडतो. आतल्या बाजूस वाळू व गाळ साचून मळई वाढते. एकाची गेलेली माती बहुधा खालच्या वळणावर दुसऱ्याच्या बांधास लागते! अशा गेलेल्या व नव्याने साचलेल्या जमिनीविषयी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात तरतुदी आहेत.

शेतात उभे राहून एकच वळण दिसते. उपग्रहाच्या चित्रात सर्व वळणे एकत्र दिसतात. भारताने १९८८ पासून स्वतःच्या दूरसंवेदन उपग्रहांद्वारे अशी चित्रे घेतली आहेत. त्यांत अवरक्त किरणांच्या साहाय्याने पाणी काळसर व वनस्पती तांबडी दाखविता येते. निरनिराळ्या वर्षांची चित्रे ताडून पाहिली असता काठ किती सरकला ते कळते. बिहारमधील काबर ताल हे तर बूढी गंडक नदीने सोडून दिलेले जुने वळणच होय. कोकणातील नद्या आखूड व डोंगरांनी आवळलेल्या असल्याने एवढी मोठी वळणे येथे सहसा सुटत नाहीत.

पुराच्या ऐन भरापेक्षा पूर ओसरताना अधिक सावध असावे. भिजून जड झालेल्या काठास पाण्याचा आधार उरत नाही आणि दरड कोसळते. म्हणून बाहेरच्या काठावरील बांबू, करंज, निरगुडी तोडू नये. रिकाम्या जागी वाळा लावावा. पायथ्याची माती वा वाळू काढू नये. एकट्याने घातलेली दगडी भिंत प्रवाह दुसऱ्याच्या शेतावर ढकलते, हेही ध्यानी घ्यावे.

पुराचे पाणी काठाबाहेर पडताच जाड वाळू प्रथम खाली बसते, बारीक गाळ दूर जातो. म्हणून नदीलगतची उंच पट्टी लवकर सुकते, तर मागील सखल खाचरांत ओल टिकते. भातानंतरचा वाल अशाच ओलीवर पोसतो.