दंडाची जमा

भारतात पोलिसांनी वसूल केलेला दंड राज्याच्या एकत्रित निधीत जातो. विधिमंडळाच्या मंजुरीवाचून तो खर्च करता येत नाही. ज्याने दंड बसविला त्याच्याच पदरात तो पडला तर काय होते, हे पाहावयाचे असल्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे वळावे लागते.

मिसूरी राज्यातील फर्ग्युसन हे सुमारे २१ हजार वस्तीचे नगर. २०१४ मध्ये तेथे पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णी तरुण मृत्यू पावला. पुढे केंद्रीय न्याय खात्याने चौकशी केली व मार्च २०१५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. दंड व न्यायालयीन शुल्क यांचे नगराला २०१० च्या आर्थिक वर्षात १३ लाख ८० हजार डॉलर मिळाले होते. २०१५ साठी ३० लाख ९० हजारांचा अंदाज होता, म्हणजे सर्वसाधारण महसुलाचा जवळजवळ चौथा हिस्सा. दंडाच्या पावत्या वाढवाव्यात म्हणून नगराचा वित्त अधिकारी पोलीसप्रमुखास लिहीत असे. वित्त अधिकाऱ्याने गुन्ह्यांची संख्या वाढण्याची वाट पाहावी, हे विपरीतच म्हटले पाहिजे.

त्या अहवालातील एका निर्धन स्त्रीची हकीकत बोलकी आहे. २००७ मध्ये मोटार गैर जागी उभी केल्याबद्दल तिला १५१ डॉलर दंड व वर शुल्क झाले. तारखा चुकत गेल्या, नवे दंड चढत गेले, सहा दिवसांचा तुरुंगवासही घडला. ५५० डॉलर भरूनही २०१४ च्या अखेरीस तिच्याकडे ५४१ डॉलर येणे निघतच होते. २०१५ मध्ये मिसूरीने कायदा करून किरकोळ वाहतूक दंडाच्या उत्पन्नावरील मर्यादा तीस टक्क्यांवरून वीसवर आणली. त्यावरील रक्कम शाळांकडे जाते.

जप्तीचा मार्ग याहून चमत्कारिक आहे. तेथील दिवाणी जप्तीत दावा माणसावर नसून वस्तूवर असतो. त्यामुळे मालक दोषी ठरला नसला तरी मोटार, घर वा रोकड सरकारजमा होऊ शकते. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने अशा मालमत्तेसाठी न्याय खात्याचा स्वतंत्र निधी निर्माण केला आणि स्थानिक पोलिसांना त्यात वाटेकरी केले. इंडियाना राज्यात, ज्या गुन्ह्यास अधिकात अधिक दहा हजार डॉलर दंड होता, त्यापायी सुमारे ४२ हजारांची मोटार जप्त झाली. त्या प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की अवाजवी दंडास राज्यघटनेने केलेली मनाई राज्यांवरही बंधनकारक आहे.