उताराच्या जागेवर दोन कुटुंबांचे घर

घर बांधताना सपाट जागा मिळावी अशी प्रत्येकाची इच्छा असते. परंतु सर्वांनाच तशी जागा मिळतेच असे नाही. माळव्याचे पठार नकाशात सपाट दिसत असले तरी प्रत्यक्षात ते चढउतारांचे आहे. इंदूर शहरात खान आणि सरस्वती या नद्यांचा संगम होतो आणि शहरातील कितीतरी जमीन या नद्यांकडे व त्यांना मिळणाऱ्या नाल्यांकडे उतरत गेलेली आहे. कोकणात, सातारा-कोल्हापूरच्या डोंगराळ भागात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी तर उतार हाच नियम आणि सपाटी हा अपवाद होय.

अशा जागेवर दोन भावांची, अथवा पिता व विवाहित पुत्र यांची, स्वतंत्र चुलींची दोन कुटुंबे एकाच छपराखाली राहणार असतील तर आराखड्याचा प्रश्न अधिक नाजूक होतो. उतारावर एकाचे घर वर आणि दुसऱ्याचे खाली येते. वरच्याचे सांडपाणी खालच्याच्या दारातून वाहिले, खालच्याच्या भिंतीला ओल आली, खालच्याला रस्त्यावर जाण्यासाठी वरच्याच्या अंगणातून वाट काढावी लागली, की सख्ख्या भावांतही कटुता येते. या तक्रारींचे मूळ स्वभावात शोधले जाते, पण पुष्कळदा ते आराखड्यात असते. म्हणूनच उताराची वाटणी दोन्ही घरांना सारखी यावी, हे अशा बांधकामाचे पहिले सूत्र मानावे.

जागेचे मोजमाप

सर्वप्रथम उतार किती आहे ते मोजावे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते. या पातळीपासून दोन्ही ठिकाणच्या जमिनीची खोली मोजली की फरक कळतो. दहा मीटर अंतरात जमीन एक मीटर उतरत असेल तर तो दहास एक असा उतार झाला. त्याचबरोबर पावसाळ्यात पाणी कोठून येते व कोठे जाते, हे एकदा भर पावसात उभे राहून पाहावे. शेजाऱ्यांनाही विचारावे. भिंतींची जागा ठरविण्यापूर्वी पाण्याची वाट ठरली पाहिजे.

एक उदाहरण

समजा, भूखंड ११ मीटर रुंद व १८ मीटर खोल आहे. रस्ता वरच्या बाजूस आहे आणि जमीन रस्त्याकडून मागे दहास एक या प्रमाणात उतरते. पुढे व मागे ३ मीटर आणि दोन्ही बाजूंस दीड मीटर जागा सोडली तर ८ मीटर रुंद व १२ मीटर लांब घर बसते. या १२ मीटरांत जमीन १२० सेंटिमीटर खाली जाते.

सामान्यतः गवंडी एकच सपाट जोते घालण्याचा सल्ला देतो. रस्त्याच्या बाजूस जोते ४५ सेंटिमीटर उंच ठेवले, तर मागच्या टोकाला ते १६५ सेंटिमीटर होते. सरासरी उंची १०५ सेंटिमीटर धरली तर जोत्यात सुमारे १०१ घनमीटर भराव लागतो. त्याऐवजी घराच्या मध्यावर टप्पा पाडून ६-६ मीटरांची दोन जोती केली, तर प्रत्येक जोते वरच्या कडेला ४५ आणि खालच्या कडेला १०५ सेंटिमीटर उंच होते. सरासरी ७५ सेंटिमीटर धरता भराव ७२ घनमीटरांवर येतो. म्हणजे सुमारे २९ घनमीटर भराव वाचतो. खर्चाइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी की, भराव जितका खोल तितका तो पुढे बसण्याचा व फरशी खचण्याचा धोका अधिक. दोन जोत्यांत फरक ६० सेंटिमीटरांचा राहतो आणि तो १५ सेंटिमीटरांच्या चार पायऱ्यांनी सहज ओलांडता येतो.

आडवी वाटणी की उभी?

आता प्रश्न दोन कुटुंबांत वाटणीचा. वरचे जोते एका कुटुंबाला व खालचे दुसऱ्याला देणे वरवर सोपे वाटते. परंतु या आडव्या वाटणीत रस्ता, ओटा आणि मोकळी हवा वरच्याकडे जाते, तर पाणी, ओल व मागची वाट खालच्याच्या वाट्याला येते. सौम्य उतारावर त्यापेक्षा उभी वाटणी करावी. घराच्या मधोमध उताराच्या दिशेने एक समाईक भिंत घ्यावी. प्रत्येक कुटुंबाला ४ मीटर रुंद व १२ मीटर लांब, म्हणजे ४८ चौरस मीटरांचे घर मिळते. दोघांनाही रस्त्याचे दार, मागचे अंगण, वरचा टप्पा आणि खालचा टप्पा सारखाच लाभतो.

प्रत्येक घराच्या वरच्या टप्प्यावर ओटा, बैठकीची खोली आणि निजण्याची जागा असावी. खालच्या टप्प्यावर स्वयंपाकघर, एक लहान खोली, न्हाणीघर व संडास घ्यावा. ही लहान खोली घरातील वृद्धांसाठी राखावी, कारण रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला संडासाकडे जाताना एकही पायरी चढावी वा उतरावी लागता कामा नये. दोन्ही घरांची न्हाणीघरे व संडास मागच्या टोकाला, समाईक भिंतीच्या दोन्ही अंगांना एकमेकांस लागून ठेवावेत. मागच्या भिंतीतून त्यांना उजेड व वारा मिळतो आणि मागच्या अंगणातील एकाच चेंबरला दोन्ही घरांचे नळ जोडता येतात. सांडपाणी आपोआप उताराने जाते. कोणाचेही पाणी दुसऱ्याच्या खोलीखालून जात नाही. विहीर किंवा कूपनलिका मात्र चढाच्या बाजूस, सेप्टिक टँकपासून शक्य तितकी दूर असावी.

जोडघराचा मध्यभाग अंधारा राहतो, ही तक्रार नेहमीची. येथे टप्पा उपयोगी पडतो. खालच्या भागाचे छप्पर वरच्यापेक्षा ६० सेंटिमीटर खाली घेतले, की दोन छपरांच्या मधल्या उंचीत झरोके बसविता येतात. त्यातून घराच्या पोटात उजेड येतो आणि उन्हाळ्यातील गरम हवा बाहेर पडते.

उतार तीव्र असल्यास

चारास एक इतका उतार असेल तर १२ मीटरांत जमीन ३ मीटर, म्हणजे पूर्ण एक मजला उतरते. अशा जागी एकावर एक घरे बांधूनही दोघांना जमिनीवरचे दार देता येते. वरच्या कुटुंबाने रस्त्याकडून यावे, खालच्याने बाजूच्या पायवाटेने उताराकडील अंगणातून यावे. ही सोय सपाट जागेत मिळत नाही. मात्र खालच्या घराची मागील भिंत मातीला टेकते. ती साधी भिंत नव्हे, तर मातीचा रेटा धरून ठेवणारी रिटेनिंग वॉल असते. तिची रचना जाणत्या अभियंत्याकडूनच करून घ्यावी. तिच्या मागे दगडगोट्यांचा थर व तळाशी चर असावा, आणि मुरलेले पाणी त्या चरातून घराच्या बाजूने बाहेर काढावे. त्या भिंतीलगत निजण्याच्या खोल्या न ठेवता कोठीची किंवा अडगळीची खोली ठेवावी.

पाया आणि पाणी

माळव्यातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. विदर्भ, मराठवाड्यातील काळ्या जमिनीचाही हाच अनुभव आहे. अशा मातीवर ठेवलेला उथळ पाया घरासह हलतो. म्हणून पाया भेगांच्या खोलीखाली, शक्यतो मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा. उतारावर पायाचा तळ जमिनीप्रमाणे तिरपा न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी खाली न्यावा. प्रत्येक पायरीचा तळ सपाट असला पाहिजे, अन्यथा भिंत घसरण्याचा धोका राहतो.

घराच्या चढाच्या बाजूस आडवा, सिमेंटने पक्का केलेला चर काढावा. रस्त्याचे व अंगणाचे पाणी त्यात अडवून दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पट्ट्यांतून मागे न्यावे. पट्ट्यांमध्ये जागोजाग दगडाचे उंबरे ठेवल्यास पाण्याचा वेग मंदावतो व माती वाहून जात नाही. हे पाणी खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात न सोडता नाल्यापर्यंत किंवा सार्वजनिक गटारापर्यंत पोहोचविणे हे घरमालकाचे कर्तव्य होय.

अरण्य वसाहतीचा धडा

घर एकदाच पूर्ण बांधले पाहिजे असे नाही, हे इंदूरनेच दाखवून दिले आहे. शहराच्या मध्यापासून सुमारे ६ किलोमीटरवर इंदूर विकास प्राधिकरणाने अरण्य ही वसाहत उभारली. तिचा आराखडा बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने केला होता. सुमारे ८५ हेक्टर जमिनीवर जवळजवळ ६,५०० भूखंड पाडले गेले. त्यांतील सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरांचे होते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना तयार घर देण्याऐवजी जोते, पाणी व संडासाची सोय आणि जोडीला एखादी खोली असा गाभा देण्यात आला. पुढचे घर प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी योजना होती. मार्गदर्शनासाठी नमुन्याची ८० घरे बांधण्यात आली. ओटा, गच्ची व बाहेरून जाणारा जिना ही त्या घरांची वैशिष्ट्ये होती. या वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. १९२७ मध्ये पुणे येथे जन्मलेल्या दोशी यांना २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार लाभला. हा सन्मान मिळविणारे ते पहिले भारतीय. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोन कुटुंबांच्या घराला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. दोघांची ऐपत एकाच वेळी सारखी नसते. म्हणून पाया, जोते, सांडपाण्याचे नळ आणि समाईक भिंत ही कामे दोघांनी मिळून प्रथम पूर्ण करावीत. खोल्या ज्याने त्याने सवडीने वाढवाव्यात. पुढे वरचा मजला चढवायचा असेल तर जिन्याची जागा आजच, आणि तीही रस्त्याच्या बाजूस, राखून ठेवावी. वरील उदाहरणात ३ मीटर उंचीच्या मजल्यावर जाण्यासाठी रस्त्याकडील जमिनीपासून २३ पायऱ्या लागतात. तोच जिना मागच्या अंगणातून घेतला तर ३१ लागतात. रोज पाण्याची घागर किंवा दळणाचा डबा घेऊन चढणाऱ्याला या आठ पायऱ्यांचे मोल सांगावे लागत नाही.

लेखी करार हवाच

समाईक भिंतीचा खर्च कोणी किती करावा, तिच्यावर मजला चढविण्याचा हक्क कोणाला, चेंबर व चर साफ करण्याची पाळी कोणाची, या गोष्टी पाया खणण्यापूर्वी कागदावर आल्या पाहिजेत. आराखड्याच्या दोन प्रती काढाव्यात, त्यांवर जमिनीखालील नळांच्या जागा दाखवाव्यात आणि दोन्ही कुटुंबांनी सह्या करून एकेक प्रत जपून ठेवावी. महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांपैकी ज्यांच्या हद्दीत जागा असेल त्यांची परवानगी घेऊनच कामास आरंभ करावा. गावातील शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबांना नळीने उतार मोजून दाखविला आणि करारनामा लिहिण्यास साह्य केले, तर पुढील अनेक तंटे टळतील.

उताराशी झगडून जागा सपाट करण्यात पैसा जातो आणि पाणी आपली वाट सोडत नाही. उतार ओळखून त्याची वाटणी न्यायाने केली, तर तीच जमीन दोन्ही कुटुंबांना स्वतंत्र दार, पुरेसा उजेड व कोरडी भिंत देते.