दोन प्रोसेसर : गती कशास म्हणावे?

संगणक विकत घेऊ इच्छिणाऱ्या मनुष्याच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो. दुकानात मांडलेल्या दोन प्रोसेसरांपैकी अधिक वेगवान कोणता? प्रश्न सरळ दिसतो, आणि त्याचे उत्तरही खोक्यावर छापलेल्या आकड्यांत सापडेल, असे वाटते. परंतु वेगळ्या रीतीने बांधलेल्या दोन प्रोसेसरांची तुलना करावयाची झाल्यास हे आकडे पुरेसे पडत नाहीत. पुष्कळदा ते दिशाभूल करतात. जो प्रोसेसर एका कामात दुसऱ्याच्या दुप्पट ठरतो, तोच दुसऱ्या कामात मागे पडतो. असे का होते, हे समजून घेतले म्हणजे आपला पैसा कोठे खर्च करावा हेही समजते.

ह्या विवेचनासाठी २०२३ साली बाजारात आलेले दोन प्रोसेसर घेऊ. पहिला एएमडी ह्या कंपनीचा रायझन ७ ७८००एक्स३डी. तो एप्रिल २०२३ मध्ये विक्रीस आला व त्याची अमेरिकेतील जाहीर किंमत ४४९ डॉलर होती. दुसरा इंटेल ह्या कंपनीचा कोअर आय७-१४७००के. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि त्याची जाहीर किंमत ४०९ डॉलर होती. पुढे दोन्ही कंपन्यांनी यांहून नवे प्रोसेसर काढले. तथापि ही जोडी अभ्यासास फार उपयुक्त आहे. किमती जवळपास सारख्या असूनही दोघांची बांधणी दोन निरनिराळ्या विचारांवर आधारलेली आहे.

खोक्यावरील आकडे

प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष गणन करणाऱ्या विभागास गाभा म्हणतात. एक गाभा म्हणजे जणू एक स्वतंत्र कारागीर. रायझनमध्ये असे ८ गाभे आहेत व ते सर्व एकाच जातीचे आहेत. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एकूण २० गाभे आहेत; पैकी ८ मोठे व अतिवेगवान, तर १२ लहान व काटकसरीने वीज वापरणारे आहेत.

गाभ्याच्या कामाला एक ताल असतो. तो दर सेकंदास किती ठोक्यांचा, हे गिगाहर्ट्झमध्ये सांगतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास शंभर कोटी ठोके. रायझनचा कमाल ताल ५ गिगाहर्ट्झ आहे, तर इंटेलचा ५.६ गिगाहर्ट्झ. म्हणजे गाभ्यांची संख्या व ताल ह्या दोन्ही बाबतींत इंटेल वरचढ असून त्याची किंमतही ४० डॉलरांनी कमी आहे. दर गाभ्यामागे किंमत काढल्यास रायझनला सुमारे ५६ डॉलर पडतात, तर इंटेलला केवळ २० डॉलर. एवढ्यावर निकाल द्यावयाचा असता, तर रायझन कोणीही विकत घेतला नसता.

तरीही व्हिडिओ खेळांच्या चाचण्यांत बहुतेक ठिकाणी रायझनच पुढे राहिला. ह्याचे कारण तिसऱ्या एका आकड्यात आहे, व सामान्य ग्राहकाचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही.

वाट पाहण्यात जाणारा वेळ

५ गिगाहर्ट्झ तालाचा एक ठोका एका नॅनोसेकंदाच्या पाचव्या भागाइतका असतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. ह्या एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशदेखील सुमारे ६ सेंटिमीटरच पुढे जातो. गाभा इतक्या त्वरेने काम करीत असताना त्याला लागणारी माहिती मात्र मुख्य स्मृतीत, म्हणजे बाजारात जिला रॅम म्हणतात तिच्यात, साठविलेली असते. तेथून एखादी माहिती येण्यास साधारणतः ७० ते ८० नॅनोसेकंद लागतात. गाभ्याच्या हिशेबाने ही ३५० ते ४०० ठोक्यांची प्रतीक्षा झाली. तेवढ्या अवधीत तो शेकडो सूचना पार पाडू शकला असता.

हे टाळण्यासाठी प्रोसेसरच्या आतच एक लहान परंतु अतिशय चपळ साठा ठेवलेला असतो. त्यास कॅश स्मृती म्हणतात. ह्या शब्दाचा रोख पैशाशी संबंध नाही. लपविणे ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो आला आहे. ग्रंथालयात अभ्यास करणाऱ्या मनुष्याचे उदाहरण घ्यावे. टेबलावर असलेले पुस्तक हात पुढे करताच मिळते. शेजारच्या कपाटातील पुस्तकासाठी उठावे लागते. आणि तळघरातील पुस्तक हवे असल्यास चिठ्ठी पाठवून बसून राहावे लागते. वाचक कितीही झरझर वाचणारा असला, तरी दर पानागणिक त्याला तळघरातून पुस्तक मागवावे लागले, तर त्याचा दिवस वाट पाहण्यातच जाईल.

कॅश स्मृतीचेही असेच तीन स्तर असतात. पहिले दोन प्रत्येक गाभ्याजवळ किंवा गाभ्यांच्या लहान गटाजवळ असतात व तिसरा सर्वांचा सामाईक असतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हा तिसरा साठा ३३ मेगाबाइटांचा आहे. रायझनमध्ये तो ९६ मेगाबाइटांचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट आहे.

मजल्यावर मजला

एवढा मोठा साठा आला कोठून? सिलिकॉनच्या एकाच पातळीवर तो पसरला असता, तर चिपचे क्षेत्रफळ वाढले असते आणि किंमतही चढली असती. म्हणून जागा अपुरी पडणाऱ्या शहरात जे करतात तेच येथे केले गेले. गणन करणाऱ्या चिपमध्ये मुळात ३२ मेगाबाइटांचा साठा होता. तिच्यावर ६४ मेगाबाइटांची दुसरी पातळ चिप बसविण्यात आली. दोहोंमधील तांब्याचे सूक्ष्म बिंदू डाख न लावता थेट परस्परांस जोडले आहेत आणि सिलिकॉनमधून आरपार गेलेल्या उभ्या वाहकांतून माहितीची ने-आण होते. अंतर अत्यल्प असल्यामुळे वरच्या मजल्यावरील माहितीही फारसा विलंब न होता मिळते. हे तंत्र घरगुती संगणकांसाठी प्रथम एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी ह्या प्रोसेसरमध्ये आले.

ह्या लाभाचे मोलही द्यावे लागले. गाभ्यांत निर्माण होणारी उष्णता वरच्या चिपमधून बाहेर पडावी लागते. म्हणून ताल थोडा आवरता घ्यावा लागला. त्याच पिढीतील रायझन ७ ७७००एक्समध्ये तितकेच आणि त्याच जातीचे ८ गाभे आहेत. त्याचा कमाल ताल ५.४ गिगाहर्ट्झ असला, तरी साठा ३२ मेगाबाइटांचाच आहे. ही भावंडे म्हणजे निसर्गतः जुळून आलेला एक प्रयोगच होय. साध्या गणनात अधिक तालाचे भावंड थोडे पुढे राहते. परंतु खेळांत कमी तालाचे व मोठ्या साठ्याचे भावंड त्याला स्पष्टपणे मागे टाकते. खेळांत वेळ गणनापेक्षा प्रतीक्षेत अधिक जातो, हे ह्यावरून सिद्ध होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डी ह्या पुढील प्रोसेसरमध्ये साठ्याची चिप गाभ्यांच्या खाली नेण्यात आली, आणि त्यामुळे तालावरील हे बंधन पुष्कळ सैल झाले.

खेळ

पडद्यावरील खेळ म्हणजे एकापाठोपाठ एक दाखविलेली चित्रे. सेकंदास ६० चित्रे दाखवावयाची, तर प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ दाखवावयाची, तर केवळ ६.९. तेवढ्या वेळात प्रोसेसरने खेळातील प्रत्येक पात्राची जागा, टक्कर, हालचाल व खेळाडूची आज्ञा ह्यांचा हिशेब करून रेखाटनाचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवावयाचे असते. हा हिशेब स्मृतीत विखुरलेल्या असंख्य लहान नोंदींवर चालतो, व त्याच नोंदी दर चित्रास पुनःपुन्हा लागतात. साहजिकच त्या जवळच्या साठ्यात मावल्या की प्रतीक्षा टळते. विमानोड्डाणाचा आभास निर्माण करणाऱ्या किंवा कारखाने उभारण्याच्या खेळांत हा लाभ विशेष दिसतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चित्र अतिसूक्ष्म रेखाटनाचे असेल, तर सर्व भार ग्राफिक्स कार्डावर पडतो व प्रोसेसरला त्याच्यासाठी थांबावे लागते. अशा वेळी दोन्ही प्रोसेसरांमधील अंतर जवळजवळ नाहीसे होते. म्हणून ज्याचे ग्राफिक्स कार्ड साधारण आहे, त्याने प्रोसेसरवर अधिक पैसे घालून खेळाचा वेग वाढेल अशी अपेक्षा करू नये. चाचण्यांचे निकाल वाचतानाही त्या कोणत्या कार्डावर व किती सूक्ष्म चित्रांवर घेतल्या, हे प्रथम पाहावे.

उत्पादक काम

चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय चित्रांचे रेखाटन, मोठ्या संगणक-प्रणालींची बांधणी ही कामे निराळ्या स्वरूपाची असतात. त्यांचे तुकडे पाडून ते अनेक गाभ्यांत वाटता येतात. लग्नघरी पुऱ्या लाटावयास वीस जणी बसल्या, तर काम झपाट्याने उरकते. असे काम समोर आले की इंटेलचे २० गाभे आपला प्रभाव दाखवितात. त्रिमितीय रेखाटनाच्या प्रचलित चाचणीत सर्व गाभे कामास लावले असता इंटेलचा प्रोसेसर रायझनच्या जवळजवळ दुप्पट काम करतो. एकाच गाभ्याच्या कामातही त्याचा अधिक ताल त्याला पुढे ठेवतो.

परंतु कणीक मळून झाल्याशिवाय पुऱ्या लाटता येत नाहीत, आणि एका परातीत वीस जणींना कणीक मळता येत नाही. जीन ॲम्डाल ह्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९६७ साली हीच गोष्ट मांडली. एखाद्या कामाचा दहावा भाग वाटून घेता येण्याजोगा नसेल, तर गाभे कितीही वाढविले तरी एकंदर वेग दहापटीपलीकडे जाणार नाही. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, वाचन ह्यांसारख्या कामांत वाटून घेण्याजोगा भाग फारच थोडा असतो. तेथे २० गाभ्यांपैकी बहुतेक स्वस्थ बसून राहतात.

किंमत, वीज व टिकाऊपणा

प्रोसेसरची खरी किंमत त्याच्या खोक्यावर नसते. पूर्ण भार असताना इंटेलच्या प्रोसेसरला २५३ वॉटांपर्यंत वीज लागू शकते. रायझनची मर्यादा कागदोपत्री १२० वॉट सांगितली असली, तरी पूर्ण भाराच्या रेखाटनातही तो साधारणतः ८० ते ९० वॉटच घेतो. एखादे रेखाटन इंटेलने एका तासात व रायझनने दोन तासांत पुरे केले, असे धरू. इंटेलला सुमारे २५० वॉट-तास लागले, तर रायझनला सुमारे १७०. इंटेलने वेळ वाचविला, रायझनने वीज.

खेळांतही हा फरक राहतो. तो ८० वॉटांचा मानला आणि रोज ४ तास, वर्षातून ३०० दिवस वापर धरला, तर वर्षाकाठी ९६ युनिटे होतात. दर युनिटास ८ रुपये धरल्यास ही रक्कम ७६८ रुपये भरते. ती फार मोठी नाही. पण अधिक वीज म्हणजे अधिक उष्णता, आणि तिच्यासाठी अधिक समर्थ शीतक व वीजपुरवठा-संच लागतो. उन्हाळ्यात जेथे खोलीचे तापमानच ४० अंशांजवळ जाते, तेथे ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मदरबोर्डाचाही विचार केला पाहिजे. इंटेलचा प्रोसेसर जुन्या डीडीआर ४ जातीच्या स्मृतीबरोबरही चालतो. ज्याच्यापाशी ती आधीच आहे, त्याची बचत होते. रायझनला डीडीआर ५ स्मृतीच लागते. उलट, रायझनच्या बैठकीवर पुढील पिढीचे प्रोसेसरही बसतात. इंटेलने मात्र ऑक्टोबर २०२४ मधील नव्या घरगुती प्रोसेसरांसाठी बैठकच बदलली.

विश्वसनीयतेच्या बाबतीत दोन्ही कंपन्यांस धडे मिळाले. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही मदरबोर्डांवर अवाजवी व्होल्टेजमुळे त्या पिढीचे काही रायझन प्रोसेसर जळाल्याचे आढळले, व त्या व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. कंपनीने अंतर्गत सूचनासंचात दुरुस्ती केली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. दोहोंपैकी कोणताही घेतला, तरी मदरबोर्डाची अद्ययावत प्रणाली प्रथम बसवून घेणे आवश्यक आहे.

निवड

ज्याचा संगणक मुख्यतः खेळांसाठी आहे आणि ज्यापाशी उत्तम ग्राफिक्स कार्ड आहे, त्याला रायझन अधिक उपयोगी. ज्याचा उदरनिर्वाह चित्रफितींच्या संपादनावर किंवा त्रिमितीय रेखाटनावर आहे, त्याला इंटेल अधिक लाभदायक. कारण वाचलेला प्रत्येक तास त्याच्या मिळकतीत भर घालतो. शाळेच्या संगणकवर्गास वा सार्वजनिक ग्रंथालयास ह्या दोहोंपैकी कोणत्याही प्रोसेसरची गरज नाही. लेखन, वाचन व प्राथमिक प्रणालीलेखन ह्यांसाठी पुष्कळ कमी किमतीचा प्रोसेसर पुरेसा होतो, आणि वाचलेल्या पैशांत आणखी एखाद्या विद्यार्थ्यासाठी संगणक घेता येतो.

सारांश, गती हा प्रोसेसरच्या अंगी असलेला एकच गुण नव्हे. ती यंत्र व काम ह्या दोघांच्या मेळातून उत्पन्न होते. म्हणून "अधिक वेगवान कोणता?" असे विचारण्यापूर्वी "माझे काम गणनासाठी अडते, की माहितीची वाट पाहण्यात?" हा प्रश्न ग्राहकाने स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर मिळाले, की खोक्यावरील कोणता आकडा वाचावयाचा, हे आपोआप कळते.