जुन्या मोटारीची वाढीव हमी : घ्यावी की न घ्यावी?

मीरा-भाईंदर परिसरातील खारी हे एकेकाळी स्वतंत्र ग्रामपंचायतीचे गाव होते. १९८५ मध्ये भाईंदर, मीरा, नवघर, घोडबंदर व खारी या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन करण्यात आली आणि २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. एका बाजूस वसईची खाडी व मिठागरे, तर दुसऱ्या बाजूस मुंबई-अहमदाबाद महामार्ग अशी या शहराची ठेवण आहे. लोकलची गर्दी, वृद्ध आई-वडिलांची ने-आण, गावाकडील प्रवास अशा कारणांसाठी येथील मध्यमवर्गीय कुटुंबास मोटारीची गरज भासते. नवी मोटार परवडत नसल्यास जुनी घेण्याचा विचार होतो. व्यवहार ठरत आला की विक्रेता विचारतो, "वाढीव वॉरंटी घ्यायची ना?" प्रश्न काही हजार रुपयांचा असतो, परंतु त्याचे उत्तर बहुधा घाईत व करारपत्र न वाचताच दिले जाते.

विमा वेगळा, हमी वेगळी

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोटार विमा आणि वाढीव हमी या दोन भिन्न गोष्टी आहेत. तृतीय पक्षाच्या हानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये सक्तीचा आहे. सर्वंकष विमा घेतल्यास अपघात, चोरी, आग, पूर यांपासून स्वतःच्या वाहनासही संरक्षण मिळते. यंत्रात आपोआप उद्भवलेला बिघाड व वापरामुळे होणारी झीज यांची भरपाई मात्र विमा देत नाही. वाढीव हमी ही यांत्रिक व विद्युत बिघाडासाठी असते. ती सक्तीची नाही. ती घेतल्याखेरीज मोटार मिळणार नाही असे कोणी सांगत असल्यास ग्राहकाने सावध व्हावे.

मोटार फार जुनी नसेल, तर उत्पादकाची मूळ हमी अजून शिल्लक आहे काय हेही पाहिले पाहिजे. अशी हमी बहुधा वाहनाबरोबर नव्या मालकाकडे येते. परंतु अधिकृत कार्यशाळेत वेळेवर सर्व्हिसिंग केल्याची नोंद त्यासाठी लागते. मूळ हमी चालू असताना वाढीव हमीचेही पैसे भरणे म्हणजे एकाच छत्रीसाठी दोनदा दाम मोजणे होय.

वगळलेल्या बाबी

हमीपत्रात काय दिले आहे यापेक्षा काय वगळले आहे, हे आधी वाचावे. क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर, टायर, बॅटरी, वायपरची रबरे यांसारखे झिजणारे भाग सामान्यतः वगळलेले असतात. जुन्या मोटारीत वरचेवर खर्च निघतो तो नेमका याच भागांवर. इंजिन व गीअरबॉक्स यांचे अंतर्गत भाग हमीत येतात. पण खरेदीपूर्वीच असलेला दोष, चुकलेले सर्व्हिसिंग किंवा अनधिकृत गॅरेजमध्ये केलेले काम या कारणांवरून मागणी नाकारली जाऊ शकते.

खारीसारख्या खाडीकाठच्या वस्तीत आणखी दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात. पहिली गंज. खाऱ्या व दमट हवेत मोटारीचा तळ, सायलेन्सर व दारांच्या कडा लवकर गंजतात. गंज हा यांत्रिक बिघाड मानला जात नसल्याने तो बहुतेक हमीपत्रांत वगळलेला असतो. दुसरी बाब पावसाच्या पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मुंबई परिसरातील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. पाणी शिरलेले इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास ते निकामी होते. हे नुकसान हमीत येत नाही आणि साध्या विम्यातही सहसा येत नाही. त्यासाठी विम्याला इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. अशा वस्तीत वाढीव हमीपेक्षा ही जोड अनेकदा अधिक उपयोगी पडते.

हिशेब कसा करावा

उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. एका वर्षाच्या हमीची किंमत १५,००० रुपये आहे. गीअरबॉक्सच्या मोठ्या दुरुस्तीस ५०,००० रुपये लागतात आणि करारानुसार त्यांतील ५,००० रुपये ग्राहकाने सोसावयाचे आहेत. म्हणजे बिघाड झाल्यास प्रत्यक्ष लाभ ४५,००० रुपयांचा. पंधरा हजार ही रक्कम पंचेचाळीस हजारांच्या एक तृतीयांश आहे. याचा अर्थ असा की, वर्षभरात असा बिघाड होण्याची शक्यता तीनांत एकाहून अधिक असेल, तरच ही हमी सरासरीने फायद्याची ठरेल. पण ज्या मोटारीबाबत एवढी शंका आहे, ती मोटारच घेणे शहाणपणाचे नव्हे!

तथापि केवळ सरासरीवर निर्णय सोडता येत नाही. अचानक आलेला पन्नास हजारांचा खर्च ज्या कुटुंबास कर्ज काढल्याविना पेलणार नाही, त्यास निश्चिंततेचेही मोल असते. स्वयंचलित गीअर व महागडी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या मोटारीस, हमी उत्पादकाने दिलेली असल्यास व भरपाईची कमाल मर्यादा पुरेशी असल्यास, ती घेणे सयुक्तिक ठरू शकते. याउलट साधी, सुटे भाग सहज मिळणारी आणि गल्लीतील मिस्त्रीस परिचित असलेली मोटार असेल, तर तेच पंधरा हजार बँकेत वेगळे ठेवावेत. बिघाड न झाल्यास ती रक्कम घरातच राहते. हमीची किंमत मोटारीच्या कर्जात मिसळली जात असेल, तर तिच्यावर व्याजही भरावे लागते, हे विसरू नये.

हमी देणारा कोण?

हमी उत्पादकाची, विक्रेत्याची की तिसऱ्याच कंपनीची, हे लेखी विचारावे. विक्रेत्याने दुकान बंद केले तर त्याची हमीही संपते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने परिवहन विभागाकडून प्राधिकारपत्र घेणे आवश्यक आहे; ते पाहण्यास मागावे. तोंडी आश्वासने बिलावर किंवा करारपत्रावर लिहून घ्यावीत.

१९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे. परंतु ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषांबाबत हे संरक्षण मिळत नाही. यास्तव वरवरची पाहणी करण्याऐवजी आपल्या विश्वासातील मेकॅनिककडून मोटार उंच उचलून तळासह तपासून घ्यावी व अहवाल लेखी घ्यावा. या तपासणीचा खर्च हमीच्या किमतीच्या मानाने अल्प असतो आणि पुढे वाद झाल्यास हाच कागद उपयोगी पडतो.

दाद कोठे मागावी

हमी देऊनही दुरुस्ती नाकारल्यास प्रथम लेखी तक्रार करावी व तिची पोच ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही काम न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. ग्राहक राहतो तेथेच ती करता येत असल्याने खारीच्या रहिवाशास विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मोटार व्यापाऱ्याकडून न घेता खासगी व्यक्तीकडून घेतली असल्यास मात्र हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो.

२४ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शाळेत किंवा ग्रामसभेत एखादे हमीपत्र मोठ्याने वाचून त्यातील वगळलेल्या बाबी फळ्यावर लिहिल्या, तर भाषणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. तपासणी आधी, करारवाचन नंतर आणि सही सर्वांत शेवटी, हा क्रम पाळणाऱ्या ग्राहकास हमी घ्यावी की न घ्यावी, हे दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.