भिवंडीच्या कापडाला स्वतःचं नाव मिळू शकतं का? सामूहिक ट्रेडमार्क समजून घ्या

तुम्ही आत्ता घातलेल्या शर्टाचं कापड कदाचित भिवंडीच्या यंत्रमागावर विणलेलं असेल. पण शर्टावर भिवंडीचं नाव शोधूनही सापडणार नाही.

भिवंडीच्या मागांवरून उतरतं ते बहुतेक ‘ग्रे’ कापड, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं. पुढे त्यावर प्रक्रिया होते आणि विकताना नाव लागतं व्यापाऱ्याचं किंवा कंपनीचं. कित्येक मागवाले तर व्यापाऱ्याकडून सूत घेऊन फक्त मजुरीवर विणून देतात. ज्याचं नाव, त्याचा भाव!

दहा-वीस मागांच्या मालकाला एकट्याने ब्रँड उभा करणं परवडत नाही. पण अनेकांनी मिळून एकच नाव घेतलं तर? कायद्यात तशी सोय आहे.

सामूहिक ट्रेडमार्क म्हणजे काय?

साधा ट्रेडमार्क एका व्यक्तीचा किंवा कंपनीचा असतो. सामूहिक ट्रेडमार्कची मालकी संघटनेकडे असते आणि तो वापरतात तिचे सभासद. ट्रेडमार्क कायदा, १९९९ मध्ये (कलम ६१ ते ६८) त्याची तरतूद आहे. भागीदारी फर्मला मात्र तो मिळत नाही.

इटलीतल्या नॉन खोऱ्यातल्या सफरचंद उत्पादकांच्या सहकारी संस्था १९८९ मध्ये एकत्र आल्या. आज त्यांची सफरचंदं ‘मेलिंडा’ या एकाच नावाने विकली जातात.

मग जीआय वेगळा कसा?

सोलापुरी चादर, पैठणी यांना जीआय आहे, कारण त्यांचा दर्जा किंवा ख्याती त्या भागाशी जोडलेली आहे. ‘सिल्क मार्क’ हे प्रमाणन चिन्ह आहे. ते माल खऱ्या रेशमाचा असल्याची खात्री देतं. सामूहिक ट्रेडमार्क सांगतो, की हा माल अमुक संघटनेच्या सभासदाचा आहे.

नोंदणी कशी होते?

१. आधी संघटना हवी. तीच अर्जदार असते.

२. नाव किंवा लोगो ठरवा. नुसतं ‘भिवंडी कापड’ असं नाव मिळणं अवघड, कारण फक्त ठिकाण आणि वस्तू सांगणाऱ्या शब्दांवर सहसा कुणाला हक्क मिळत नाही. वेगळं नाव किंवा चिन्ह लागेल.

३. वर्ग निवडा. कापडासाठी २४, तयार कपड्यांसाठी २५.

४. अर्जासोबत नियमावली जोडा. चिन्ह कोण वापरू शकतो, सभासद कसं होता येतं, वापराच्या अटी कोणत्या आणि गैरवापर केल्यास कारवाई काय, हे त्यात लिहावं लागतं.

५. अर्ज ऑनलाइन करता येतो. तपासणीत मंजूर झाला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो. त्यानंतर चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकत नसेल तर नोंदणी होते. ती दहा वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं.

फायदा काय?

कुणी नक्कल केली तर संघटना कोर्टात जाऊ शकते आणि सभासदांचं झालेलं नुकसानही कोर्ट विचारात घेऊ शकतं. छोट्या मागवाल्याला एकट्याने वकील करावा लागत नाही.

खरी परीक्षा कुठे?

नियमावलीत. समजा, पन्नास मागमालकांनी ठरवलं की ठरलेल्या सुताचं आणि ठरलेल्या पिकांचंच कापड या नावाने विकायचं. त्यातल्या एकाने हलक्या सुताचा ताका त्याच नावाने खपवला, तर बदनामी पन्नास जणांची होते. नियम पाळून घेण्यात संघटना कमी पडली, तर त्या कारणावरून नोंदणीच रद्द होऊ शकते.

म्हणून अर्ज करण्याआधी संघटनेने एकच प्रश्न विचारावा: चूक आपल्याच माणसाने केली, तर त्याचं चिन्ह काढून घेण्याची आपली तयारी आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तरच अर्ज करा.